खिळ्यावरचं गाडगं

१

खिळा जागेवर होता. खिळ्याला सुतळीचा कापलेला तुकडा लोंबत होता. कोंडीरामनं बुधवारी दुपारी स्वतःच्या हातानं घातलेला झेंडूचा हार खाली फरशीवर पडला होता. गाडगं तेवढं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी साडेनऊ वाजता गंगाधरराव अजिंक्य त्या खिळ्याकडे बघत उभे होते आणि मनातल्या मनात स्वतःलाच शिव्या घालत होते. ते लालबागच्या या चाळीत खिळा बघायला आले नव्हते, टाइपरायटर न्यायला आले होते. बुधवारी संध्याकाळीही त्यासाठीच आले होते, पण ज्या घरातला एकुलता एक मुलगा महिन्यापूर्वी गेला, त्या घरात "टाइपरायटर द्या" हे शब्द त्यांच्या तोंडातून फुटले नाहीत. चहा पिऊन ते तसेच परत गेले होते.

आडनाव अजिंक्य. पण पन्नाशी उलटली तरी त्यांनी काही जिंकल्याचं गिरगावातल्या त्यांच्या प्रभू जातभाईंपैकी कुणाच्या ऐकिवात नव्हतं. फोर्टातल्या एका मानवशास्त्र मंडळात ते एकोणीस वर्षं ग्रंथपाल होते. माणसानं माणूस खाणं या गोष्टीकडे जगभरचे लोक कसे बघतात, कुणाला ते पाप वाटतं, कुणाला प्रेम वाटतं आणि का, यावर त्यांनी सात वर्षं खपून एक निबंध लिहिला होता. तोही मराठीत. मंडळाच्या सेक्रेटरीसाहेबांनी तो पहिल्यांदा परत केला मराठीत आहे म्हणून, दुसऱ्यांदा अक्षर लागत नाही म्हणून. तेव्हा मंडळाचा टायपिस्ट वसंत कर्णिक यानं मंडळाचा एकुलता एक मराठी टाइपरायटर घरी नेऊन तो निबंध रात्रंदिवस बसून टाइप केला. तिसऱ्यांदा साहेबांनी तो काही कारण न देताच परत केला.

आणि जानेवारीत मोर्चावर झालेल्या गोळीबारात वसंत गेला. तो मोर्चात होता की मोर्चा बघायला थांबला होता, यावर चाळीचं अजून एकमत नव्हतं. तो हुतात्मा होता यावर मात्र होतं. रविवारी चार वाजता त्याच्या अस्थींची मिरवणूक निघायची होती, लालबागपासून थेट चौपाटीपर्यंत. अस्थी घरात आणत नाहीत, म्हणून गाडगं महिनाभर गॅलरीच्या टोकाला खिळ्याला टांगलेलं होतं. गुरुवारी सकाळी ते नाहीसं झालं.

"तुम्हीच ना ते, चोर शोधणारे?" कोंडीरामनं विचारलं. हा गिरणीतला जॉबर म्हणजे मुकादम, चाळीच्या समितीचा पुढारी, आवाज तीन मजले ऐकू जाणारा. "वसंता सांगायचा. राक्षसांचा काटा का काय ते तुम्ही शोधलं."

गंगाधररावांनी कपाळावर आठ्या घातल्या. दोन वर्षांपूर्वी मंडळाच्या संग्रहातून फिजी बेटावरचा एक लाकडी काटा नाहीसा झाला होता. तिथले सरदार पूर्वी माणसाचं मांस म्हणे त्यानंच खात. तो गंगाधररावांनी चार दिवसांत शोधून काढला, सेक्रेटरीसाहेबांच्याच बंगल्यावर, लोणच्याच्या बरणीत. बाईसाहेबांना तो फोडी काढायला सोयीचा वाटला होता. या शोधाबद्दल साहेबांनी त्यांना अजून माफ केलेलं नव्हतं.

"हे बघा कोंडीराम, मी पोलीस नाही. मला सोमवारी सकाळी टाइपरायटर..."

"टायपरायटर कुठं पळून चाललाय? चोर तर आमाला ठावंच हाय. तुम्ही फक्त त्याच्या तोंडून काढा." कोंडीरामनं समोरच्या एका बंद दाराकडे बोट दाखवलं. दारावर कुणीतरी डांबर फासलं होतं. "दौलत साळवी. सरकारचा माणूस. रविवारी चारपर्यंत गाडगं आलं नाय, तर त्याचं बिऱ्हाड रस्त्यावर. पोराबाळांसकट. चाळीनं ठरवलंय."

डांबराच्या दारामागे एक लहान मूल रडायला लागलं.

२

दौलत साळवी हा माणूस कुणाला आवडावा असा नव्हता, हे गंगाधररावांना दोन मिनिटांत कळलं. त्यामुळे त्यांची चिडचिड वाढली. निरपराध माणसं निदान बोलायला तरी बरी असावीत.

"विचारा. सगळे विचारून गेलेत, तुम्हीच राहिला होतात," दौलत म्हणाला. मागे त्याची बायको भांडी पोत्यात भरत होती. "हो, हरताळाच्या दिवशी मी सचिवालयात गेलो. गेलो! नोकरी सुटली तर ही चाळ मला जेवायला घालणार आहे?"

"वसंतशी तुमचं भांडण होतं म्हणतात."

"नळावरून होतं. नळावरून इथं सगळ्यांचं सगळ्यांशी आहे. म्हणून काय मी त्याच्या अस्थी चोरू? आणि नेऊन कुणाला देऊ, मुख्यमंत्र्यांना?" त्याचा आवाज फाटला. "गुरुवारपासून खोल्यान् खोल्या उलथ्यापालथ्या केल्यात त्यांनी. माझ्या डब्यातलं पीठसुद्धा चाळून बघितलं. माझी मुलगी काल उपाशी झोपली, कारण त्या पिठात मग कुणी हात घालेना."

वसंतचे चुलते तात्या कर्णिक त्याच मजल्यावर राहत. त्यांची गोष्ट वेगळीच होती.

"दहा दिवसांच्या आत नाशिकला जायला हव्या होत्या अस्थी," तात्या म्हणाले. ते रागावले होते, पण डोळे भरलेले होते. "महिना झाला गंगाधरराव, माझा पुतण्या खिळ्याला टांगलाय. हार काय घालतात, फोटो काय काढतात! मिरवायला तो काय गणपती आहे?"

"मग तुम्हीच नेलंत का?"

"न्यायला हवं होतं. वळकटीसुद्धा बांधून ठेवली होती. हिंमत झाली नाही." तात्यांनी कोपऱ्यातली विस्कटलेली वळकटी दाखवली. "तीही सोडून बघितली कोंडीरामच्या पोरांनी. वय बघितलं नाही, काही नाही."

गॅलरीत वसंतच्या शेजारची नलू उभी होती, मालवणकडची, बोलायला टपलेली. गंगाधररावांनी विचारायच्या आधीच ती सुरू झाली. "मी काय एक बघूक नाय हां, आधीच सांगते. गुरुवारी पहाटे नळावर ही गर्दी! हा तिच्या बादलीत हात घालतो, ती हिच्या घागरीवर. सुमतीची बादली रोज मी नेऊन देते, पाचवा महिना ना तिचा. त्या दिवशी म्हणते कशी, नको, माझी मी नेते. अर्ध्याच बादलीवर फडकं टाकून गेली पण. मी म्हटलं, हिचं काय बिनसलं गो माझ्याशी? विधवा झाली म्हणून मी काय तिला अंतर दिलं? आणि तो दौलत, तो तर नळावर..."

नलूचं दौलतबद्दलचं पुराण पाऊण तास चाललं. त्यात कामाचं काहीही नाही, असं गंगाधररावांनी ठरवून टाकलं. पुढे दोन दिवसांनी त्यांना या ठरवण्याची फार लाज वाटली.

तेवढ्यात खालून आरडाओरडा झाला. पाच-सहा जण जिन्यावरून धावत वर आले. सगळ्यांत पुढच्याच्या शर्टावर रक्ताचे शिंतोडे होते.

"कोंडीरामदादा, कळलं! कॉटन ग्रीनचा अघोरी! त्यानं खाल्लं!"

३

कॉटन ग्रीनला कापसाच्या गोदामांच्या मागे, एका मोडक्या पत्र्याखाली तो अघोरी भिंतीला टेकून बसला होता. त्याचा एक डोळा सुजून बंद झाला होता आणि खालचा ओठ फाटला होता. आजूबाजूला काही नव्हतं, एक टमरेल आणि पावाचे दोन तुकडे तेवढे होते.

गंगाधररावांनी त्याला पाणी दिलं. कोंडीराम हाताची घडी घालून लांब उभा राहिला.

"अंगाला राख कुठली लावता बाबा?"

"बेकरीच्या भट्टीतली. पावपण तेच देतात." म्हातारा हसायला गेला, पण ओठ दुखला. "बारा साल झाले बाबूजी इथं. शिवडीवाले बोलतात मी मुडदे खातो. लालबागवाले बोलतात. पाहिलं कोणी? कोणी नाही. मी खानदेशातला. आमच्या गावात आम्ही बोलायचो, नदीच्या पलीकडचे लोक माणूस खातात. एकदा पलीकडे गेलो, तर ते आमच्याबद्दल तेच बोलत होते."

गंगाधररावांना रडावं की हसावं कळेना. त्यांच्या निबंधाच्या चौथ्या पानावर हेच होतं. माणूस खाणारा नेहमी पलीकडच्या तीरावर राहतो, पाहिलेला कुणी नसतो आणि ऐकलेले सगळे असतात. सात वर्षं जाड जाड पुस्तकं उपसून त्यांनी जे गोळा केलं, ते या म्हाताऱ्यानं रक्त पुसता पुसता सांगून टाकलं. आणि मैलभरावरचे शहाणेसुरते गिरणीकामगार ते न वाचता त्याला बडवून गेले होते. निबंध छापला असता तरी त्यांनी तो वाचला नसता, हे उघड होतं. तरीही गंगाधररावांना सेक्रेटरीसाहेबांचाच राग आला.

"कोंडीराम, याची माफी मागा."

"बघू," कोंडीराम म्हणाला आणि चालायला लागला.

चाळीत परतल्यावर ते वसंतच्या घरी गेले. वसंतची आई आनंदीबाई दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. सून सुमती आत भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाई बोलत होत्या, कारण गप्प बसलं की त्यांना मुलगा आठवत असावा.

"चहा घ्या. कप जरा लालसर दिसेल, विटेच्या भुकटीनं घासलाय. या घरात पंचवीस वर्षं भांडी राखेनं घासली, आता हिला राख चालत नाही. शेगडी निवली की राख स्वतः खाली नेऊन टाकते, मोरीत ठेवू देत नाही. काही बोलायची सोय नाही हो, दिवस असे."

"जेवतात का नीट?"

"दोन घास. पहिला घास तेवढा डोळे मिटून, देवाचं नाव घेऊन खाते. डोहाळे तरी काय, मुलखावेगळे! ओठांना सदा पांढरं लागलेलं. पाटीवरच्या पेन्सिली खात असणार, पहिलटकरणी खातात. म्हणून मीच एक जुडी आणून ठेवली, चोरून कशाला खायची?"

जुडी फळीवर होती. तिचा कागद आणि दोरा दुकानातून आल्यासारखा जसाच्या तसा होता. गंगाधररावांची नजर तिच्यावरून टाइपरायटरवर गेली. खिडकीखाली तो उघडाच होता, वर जुनी साडी टाकलेली.

"याची पेटी?"

"इथंच असेल कुठं तरी," सुमती भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली. "रविवारी या काका. शोधून ठेवते."

गंगाधरराव पुन्हा रिकाम्या हातानं जिना उतरले.

शनिवारी मंडळात त्यांच्या टेबलावर निबंध येऊन पडला होता. चौथ्यांदा परत. या वेळी साहेबांनी कारण दिलं होतं. "विषय किळसवाणा आहे. हे वाचणार कोण?"

त्यांनी तो फाडायला हातात घेतला. फाडवेना. मग नेहमीच्या खोडीप्रमाणे चाळत बसले आणि अकराव्या पानावर थांबले. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांकाठचे काही लोक आपल्या मेलेल्या माणसाची राख केळ्याच्या पेजेत कालवून पितात. आपलं माणूस थंड मातीत एकटं टाकून येणं त्यांना क्रूरपणाचं वाटतं. वसंतनं इथं एकही चूक केली नव्हती. वसंत टाइप करताना पुटपुटत असे, मोठ्यानं वाचत असे, त्याशिवाय त्याची बोटंच चालत नसत.

मोठ्यानं वाचत असे. त्या एका खोलीच्या घरात.

गंगाधररावांचे हात टेबलावर तसेच राहिले.

४

रविवारी दुपारी दोन वाजता चाळीच्या चौकात झेंडे बांधले जात होते. दौलतचं सामान दारात येऊन पडलं होतं. पोती, एक शिवणयंत्र आणि त्यावर बसवलेली लहान मुलगी.

"कोंडीराम, एकच सांगा," गंगाधररावांनी जिन्यातच गाठून विचारलं. "चाळीस खोल्या तपासल्यात?"

"एकूणचाळीस. कोपरान् कोपरा."

"चाळिसावी?"

कोंडीरामनं त्यांच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "ती वसंताची न्हाय का? घरात कसं असंल साहेब? अस्थी घरात आणत्यात व्हय?"

गंगाधररावांनी डोळे मिटून घेतले. निषिद्धाची खरी जागा माणसाच्या डोळ्यांत असते, जे करायचं नाही ते तो बघतही नाही, हे वाक्य त्यांच्याच निबंधाच्या दुसऱ्या पानावर होतं. आणि शुक्रवारी त्याच खोलीत बसून, लालसर कपातून चहा पिऊन, हे निषिद्धाचे अभ्यासक जिना उतरून गेले होते.

आनंदीबाईंना बायकांनी खाली तसबिरीजवळ बसवलं होतं. सुमती घरात एकटीच होती. गंगाधररावांनी दार लोटलं, काळी टोपी काढून खिडकीत ठेवली आणि खुर्चीवर बसले.

"सुमतीबाई, मी बोलतो, चुकलं तर सांगा. मिरवणूक रविवारी, हे बुधवारी ठरलं. गुरुवारी पहाटे तुम्ही नलूला बादली नेऊ दिली नाहीत. परत येताना तुम्ही सुतळी कापून गाडगं त्या अर्ध्या बादलीत ठेवलंत. घरात ते ठेवायला झाकणाची, कडीची एकच वस्तू होती, म्हणून टाइपरायटर उघडा पडला. वसंत मशीन उघडं टाकणारा नव्हता."

सुमती खाटेसमोर येऊन उभी राहिली.

"इथवर मला वाटलं, तुम्हाला अस्थी मिरवू द्यायच्या नाहीत, तात्यांसारखं. पण मग राखेनं खरकटी भांडी घासलेली तुम्हाला का बघवत नाहीत? आणि पेन्सिलींची जुडी सुटलेलीच नाही, तर तुमच्या ओठांना पांढरं..." त्यांना पुढचा शब्द उच्चारता येईना. सात वर्षं तो शब्द त्यांनी शेकडो वेळा लिहिला होता.

"एक चिमूट," सुमती म्हणाली. "रोज. भाताच्या पहिल्या घासात."

चौकात कुणीतरी ढोलावर थाप मारून बघितली.

"आधी खिळ्यावरच्या गाडग्यातूनच घेत होते. पण रविवारी चाळ सगळंच नेणार म्हणाली. हे गेले तेव्हा मला बघूसुद्धा दिलं नाही काका, गर्दीनंच उचलून नेलं. हार गर्दीचा, घोषणा गर्दीच्या. आज समुद्रात टाकले की हे साऱ्या मुंबईचे होणार. मग माझे कुठं राहिले?" तिनं पोटावर हात ठेवला. "याला तर बाप दिसणारही नाही. हे टाइप करताना वाचायचे. मला आधी शिसारी आली. मी म्हटलं, शी! कसली ही माणसं! तर म्हणाले, नीट ऐक, हे लोक मायेनं करतात. तुमचा कागद मी नंतर चार-पाचदा वाचला. पाप असेल तर मला लागू दे."

सात वर्षांत पहिल्यांदा कुणी सांगत होतं की निबंध वाचला. गंगाधररावांना काय वाटायला हवं होतं कोण जाणे. त्यांनी लोटलेल्या दाराकडे बघितलं.

"दौलतचं सामान दारात आलंय," ते म्हणाले.

"दिसतंय. दोन दिवस बघतेय." आता ती रडायला लागली. "मी सांगते त्यांना. गाडगं देते. पण सासूबाई? त्यांना कळलं की मी... त्या मरतील काका. आणि लोक या पोराला जन्मभर काय म्हणतील?"

तिनं खाटेखालून पेटी ओढली. गाडगं हाताला हलकं लागत होतं. हाडं होती. राख तळाला उरली होती.

जिन्यावर पावलं वाजली. "दौलत, चला!" कोंडीरामचा आवाज आला. "येळ झाली!"

५

गंगाधररावांनी गाडगं आपल्या कापडी पिशवीत घातलं. टाइपरायटर पेटीत घालायला सुमतीला सांगितलं, तिनं घातला आणि कडी लावली. पेटी एका हातात आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन ते गॅलरीत आले. सगळी चाळ तिथं लोटली होती. दौलत भिंतीला पाठ लावून उभा होता.

"थांबा. दौलतनं नेलेलं नाही." गंगाधररावांनी पिशवीतून गाडगं काढलं. "मी नेलं."

मग कोंडीराम पुढे आला आणि गाडगं दोन्ही हातांनी घेतलं.

"बुधवारी संध्याकाळी मी इथं आलो होतो. जाताना सुतळी कापली. आज गुपचूप लावून जाणार होतो, पण हे सामान बघितलं."

"कशाला पण? तुमाला काय करायचं होतं?"

"अभ्यास. माणसं मेलेल्या माणसाची राख, मांस... मी त्याच्यावर लिहितो."

हे खरंच होतं आणि तेच घातक ठरलं. कोंडीरामनं गाडगं हातात तोलून बघितलं. त्याचा चेहरा बदलत गेला.

"हलकं हाय. साहेब, राख कुठाय?"

गंगाधररावांकडे उत्तर तयार होतं. प्रयोगशाळेत दिली, सांडली, काहीही सांगता आलं असतं. पण त्या उत्तरांवर आणखी प्रश्न आले असते, आणि प्रश्न फिरत फिरत चाळिसाव्या खोलीपर्यंत गेले असते. म्हणून ते गप्प राहिले. मागून कुणीतरी म्हणालं, "खाल्ली!" दुसरं कुणी म्हणालं, "वसंता सांगायचाच, माणूसखाऊ लोकांचं काय तरी लिवतो म्हणून!" आणि मग सगळ्यांनाच ते आधीपासून ठाऊक होतं. गिरगावातून आलेला, कुणाचा कोण, तोंड पाडून घराघरांतून चहा पीत फिरलेला माणूस. एका मिनिटात सगळं जुळलं. पाहिलेलं कुणी नव्हतं. चौथ्या पानाला इतका चोख पुरावा गंगाधररावांना कुठल्या पुस्तकात मिळाला नव्हता.

पहिली थोबाडीत दौलतनं मारली. मग कुणी कोट ओढला, कुणी पाठीत घातली. नलू थुंकली. तात्या कर्णिक नुसतेच बघत राहिले, आणि ते सगळ्यांत जास्त लागलं.

"बास!" कोंडीराम ओरडला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आज वसंताचा दिस हाय. ह्याला हात लावून इटाळ करून घेऊ नका. जा! पुन्हा या चाळीत दिसलास तर जित्ता जाणार न्हाईस."

दौलतची मुलगी शिवणयंत्रावरून उतरून घरात पळाली. गंगाधररावांनी तेवढं बघितलं आणि पेटी उचलली.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आनंदीबाई उभ्या होत्या, धापा टाकत. त्या वर गेलेल्या आणि मागच्या जिन्यानं खाली आलेल्या दिसत होत्या. त्यांच्या एका हातात गंगाधररावांची काळी टोपी होती आणि दुसऱ्या हातात पेन्सिलींची न सुटलेली जुडी. त्या शिवी देतील म्हणून गंगाधरराव थांबले.

"टोपी राहिली तुमची," त्या म्हणाल्या. टोपी त्यांनी स्वतःच झटकली आणि त्यांच्या हातात दिली. जुडी पदराखाली घेतली आणि वर गेल्या.

मिरवणूक गिरगावातून गेली तेव्हा साडेसहा वाजले होते. गंगाधररावांनी खिडकी लावून घेतली. घोषणा तरीही आत येत होत्या. ओठ दुखत होता, कोटाची बाही उसवली होती, आणि उद्या मंडळात साहेब टाइपरायटरला पडलेल्या पोच्याबद्दल विचारणार होते. ज्या गोष्टीसाठी ते मार खाऊन आले ती कुणाला कधी सांगता येणार नव्हती. निबंधातही लिहिता येणार नव्हती.

त्यांनी पेटी उघडली. मशीनखाली त्यांच्याच निबंधाची कार्बन प्रत घडी करून ठेवलेली होती. बहुतेक पानं नवी करकरीत होती. अकरावं पान मात्र हळदीच्या बोटांनी कोपऱ्यात मऊ झालं होतं. त्यावरच्या शेवटच्या ओळीचा गंगाधररावांना विशेष अभिमान होता. वर्षभर विचार करून त्यांनी ती लिहिली होती : "असे केल्याने मागे राहिलेल्यांचे दुःख हलके होते."

ओळीखाली शिसपेन्सिलीनं रेघ मारली होती. शेजारी समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं :

"होत नाही. मी रोज करून बघितलं. हे खोडा."

गंगाधररावांनी दौतीत टाक बुडवला आणि ती ओळ खोडली.